गरीब लाख

लांकडाच्या एखाद्या जुन्या पेटीवर फुलांच्या माळा, लांब शेपटीचीं पांखरें आणि झाडाखालीं छत्री धरून बसलेला एखादा चिनी म्हातारा असें चित्र दिसतें. पाहणारा चित्रकाराच्या हाताची वाहवा करतो. आणि मग जाणता मनुष्य त्याला सांगतो कीं, या पेटीला चित्रकाराचा कुंचला फारसा लागलेलाच नाहीं. पांखरें, फुलें, म्हातारा, त्याची छत्री, सारें छापील कागदावरून कात्रीनें कापून काढलेलें आहे, सरसानें चिकटविलेलें आहे आणि वरून रोगणाचे पंधरा-वीस हात देऊन बुजवून टाकलेलें आहे. पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाहीं. तो पेटीवरून बोट फिरवितो. कागदाची कडा बोटाला कोठेंच लागत नाहीं.

अशा पेट्या, कपाटें, मेजें आणि आरशांच्या चौकटी अठराव्या शतकांत इटलींतील व्हेनिस शहरांत तयार होत असत. इटालियन भाषेंत या कामाला ‘लाक्का पोव्हेरा’ असें नांव पडलें. त्याचा सरळ अर्थ ‘गरीब लाख’. पुढें ‘कापून काढणें’ या अर्थाच्या फ्रेंच धातूवरून ‘देकूपाज’ हें नांव या कलेला मिळालें व तेंच आज सर्वत्र रूढ आहे. तथापि जुनें नांव अधिक बोलकें आहे. ही लाख गरीब कां, आणि श्रीमंत लाख ती कोणती, हें विचारूं गेलें म्हणजे या कलेचा जन्म कसा झाला तें आपोआप उलगडतें. शिवाय त्या नांवांतील पहिला शब्द तर आपल्या घरचाच आहे.

‘लाक्का’ म्हणजे आपली लाख. संस्कृत ‘लाक्षा’ आणि प्राकृतांतून आलेली ‘लाख’ व्यापाऱ्यांच्या गांठोड्यांबरोबर फारशी व अरबी भाषांत गेली, तेथून युरोपांत उतरली, आणि इटालियन, फ्रेंच, इंग्रजी भाषांत तिचीं निरनिराळीं रूपें झालीं. पळस, बोर, कुसुंब अशा झाडांच्या कोंवळ्या डहाळ्यांवर एक अत्यंत लहान किडा वस्ती करतो व आपल्या अंगाभोंवतीं राळेचें कवच रचतो. ती राळ म्हणजे लाख. पांडवांच्या लाक्षागृहापासून ती आपल्या ओळखीची आहे. बांगड्या, लखोट्यांवरील मोहरा, सोनाराच्या पोकळ दागिन्यांतील भरण, अशा कितीतरी ठिकाणीं ती वापरली गेली. ग्रामोफोनच्या जुन्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांत सुद्धां बाकीची पूड घट्ट बांधून ठेवणारा पदार्थ लाखच असे.

युरोपीय लोकांनीं मात्र या शब्दाची एक चमत्कारिक अदलाबदल केली. सतराव्या शतकांत डच व इंग्रज कंपन्यांच्या जहाजांतून चीन-जपानच्या काळ्या, आरशासारख्या चकचकीत पेट्या व पडदे युरोपांत येऊं लागले. त्यांवरील चकाकीला तेथील लोकांनीं लाखेचेंच नांव दिलें. वस्तुतः त्या पेट्यांवर लाखेचा कणही नव्हता. तें रोगण म्हणजे चीन, जपान व कोरिया येथें होणाऱ्या एका वृक्षाचा चीक. हा वृक्ष आंबा, काजू आणि बिब्बा यांच्याच कुळांतला. बिब्बा उतणें म्हणजे काय हें ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्या चिकाचा गुण निराळा समजावून सांगावयास नको. कच्चा चीक अंगाला लागला तर तसेच फोड व तशीच आग होते. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे हा चीक उन्हांत वाळत नाहीं. त्याला ओल लागते. हवेंत शेंकडा ७० ते ८० ओलावा असेल आणि थोडी ऊब असेल, तरच त्यांतील द्रव्यांचा प्राणवायूशीं संयोग घडून तो हळूहळू दगडासारखा कठीण होतो. यासाठीं जपानी कारागीर रंगविलेली वस्तु मुद्दाम ओलसर केलेल्या कपाटांत ठेवतात, एक पातळ हात वाळला कीं घांसतात, पुन्हां दुसरा देतात, आणि असे वीस-तीस हात होईपर्यंत महिने लोटतात. एकदां घट्ट झाल्यावर या रोगणावर पाणी, मद्य वा कढत चहा यांचा कांहीं परिणाम होत नाहीं. ही श्रीमंत लाख.

ती युरोपांत होऊं शकत नव्हती. झाड तेथें नव्हतें आणि चीक दूरच्या प्रवासांत टिकत नसे. मागणी तर वाढत चालली. कांहीं धनिकांनीं एक अघोरी उपाय काढला. चीनमध्यें तयार झालेले मोठमोठे घडीचे पडदे कंपनीच्या व्यापारांत हिंदुस्थानच्या पूर्व किनाऱ्यावरून पुढें जात, म्हणून त्यांना चोळमंडलाचे पडदे असें नांव पडलें होतें. हे पडदे करवतीनें चिरून त्यांच्या फळ्या कपाटांना व मेजांना बसविण्याची रीत सुरू झाली. जॉन स्टॉकर व जॉर्ज पार्कर या दोघा इंग्रजांनीं १६८८ सालीं ऑक्सफर्ड येथें रोगणकामावर एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत त्यांनीं या करवतबाजीची यथेच्छ थट्टा केली आहे. अशा मेजावर माणसें खालीं डोकें वर पाय करून उभीं असतात आणि झाडें, डोंगर यांची खिचडी झालेली असते, असा तिचा मतलब. सुंदर वस्तु चिरून दुसरी वस्तु सजविणें हा प्रकार पुढें या कलेच्या पाठीस कायमचा लागला. त्याचा येथें पहिला मासला दिसतो.

याच ग्रंथांत नकलेची कृतिही दिलेली आहे, आणि गंमत अशी कीं, ती नक्कल करण्यासाठीं खरी लाख कामास आली. हिंदुस्थानांतून जाणारी लाख मद्यार्कांत विरघळवून तिचें रोगण करावयाचें, किंवा उत्तर आफ्रिकेंतून येणारी, आपल्या चंद्रसाच्या जातीची राळ तशीच विरघळवून घ्यावयाची. म्हणजे जी खरी लाख होती ती युरोपांत नकली ठरली, आणि जिच्यांत लाख नव्हती ती अस्सल म्हणून मिरवली. शब्दांचें नशीबही माणसांसारखेंच असतें.

तरीही व्हेनिसच्या कारागिरांची अडचण पुरती सुटली नाहीं. रोगण मिळालें, पण चित्रें कोणीं काढावयाचीं? चिनी धर्तीचीं चित्रें सफाईनें काढणारे रंगारी थोडे, त्यांचा मोबदला भारी, आणि गिऱ्हाईक दाराशीं उभें. येथें मदतीला आला छापखाना. व्हेनिसपासून फार लांब नसलेल्या बास्सानो या गांवीं रेमोंदिनी घराण्याचा मोठा छापखाना होता. साधुसंतांचीं स्वस्त चित्रें, पत्ते, भिंतीला लावावयाचे कागद, सर्व कांहीं तेथें छापलें जाई, आणि आल्प्सच्या खोऱ्यांतील फेरीवाले पाठीवर पेट्या घेऊन तीं चित्रें रशियापर्यंत नेऊन विकीत. या छापखान्यानें केवळ कापण्यासाठींच म्हणून चित्रांचे ताव छापले. एका तावावर पांच-पंचवीस लहान आकृति: शिकारी, कुत्रा, मेंढपाळीण, पडका कमानदार दरवाजा, झाड, पूल, पांखरूं. त्यांचा परस्परांशीं कांहीं संबंध नसे. संबंध जोडावयाचें काम कापणाऱ्याचें. त्यानें पेटीच्या झांकणावर शिकारी डावीकडे बसवावा, कुत्रा त्याच्यापुढें सोडावा, झाडाची सांवली मागें धरावी, आणि मधल्या मोकळ्या जागेंत कुंचल्याच्या दोन फटकाऱ्यांनीं जमीन व गवत काढून सर्वांना एका जागीं उभें करावें. कारागिराची बुद्धि येथें दिसते. आकृति दुसऱ्याच्या, पण त्यांच्यामधलें अंतर त्याचें स्वतःचें.

गरीब म्हणून हिणविलेल्या या कामांत साहित्य स्वस्त होतें हें खरें. मेहनत मात्र स्वस्त नव्हती. आणि काळाचा न्याय असा कीं, त्या वेळचीं हीं ‘गरीब’ कपाटें आज संग्रहालयांत आहेत आणि लिलांवांत श्रीमंतांनाच परवडतात.

व्हेनिसमध्यें जो धंदा होता तो फ्रान्समध्यें छंद झाला, आणि छंद हा धंद्यापेक्षां नेहमींच अधिक बेहिशेबी असतो. या छंदाचें वर्णन एका विलक्षण स्त्रीनें लिहून ठेवलें आहे. शार्लोत आयसे ही मूळची कॉकेशस पर्वताकडील सिर्केशियन मुलगी. फ्रेंच वकिलानें ती कॉन्स्टँटिनोपलच्या गुलामांच्या बाजारांत लहानपणीं विकत घेतली व पॅरिस येथें आणून वाढविली. तिचीं पत्रें तिच्या मरणानंतर प्रसिद्ध झालीं. १७२७ सालच्या एका पत्रांत ती आपल्या मैत्रिणीस कळविते कीं, पॅरिसमध्यें लहानथोर सर्वजण रंगीत चित्रें कापण्याच्या नादानें वेडे झाले आहेत. कापलेलीं चित्रें पुठ्ठ्यावर चिकटवून त्यांवर रोगण देतात व त्यांचे पडदे आणि भिंतींचे आच्छादनपट करतात. एकेका चित्राला शंभर शंभर लिव्र मोजून स्त्रिया त्याला कात्री लावितात. हें असेंच चाललें तर राफाएलसारख्या चित्रकाराचीही धडगत नाहीं, अशी भीति तिनें थट्टेच्या सुरांत व्यक्त केली आहे.

ती थट्टा पुरती थट्टा नव्हती. कागदावरील छापील चित्र हें एकदां कापलें कीं संपलें. त्या वेळीं कापण्यासाठीं छापलेले ताव जे कापले गेले ते गेलेच, पण इतर उत्तम कोरीव चित्रेंही त्यांच्याबरोबर गेलीं. ज्या कलेनें सामान्य घरांत शोभा आणली, तिनेंच दुसऱ्या एका कलेच्या प्रति नाहींशा केल्या. हा दोष त्या स्त्रियांच्या माथीं मारून मोकळें होणें सोपें आहे. परंतु त्यांच्या दृष्टीनें छापील चित्र ही जपून ठेवावयाची वस्तु नव्हतीच; आज आपण जुन्या दिनदर्शिकेचा कागद पुस्तकाला घालतों, त्यांतलाच तो प्रकार. कोणत्या कागदाला पुढें किंमत येईल हें कापणाऱ्याला कधींच कळत नाहीं, आणि अडचण नेमकी तीच आहे.

इंग्लंडांतील प्रकाशकांनीं हें ओळखून व्हेनिसच्या मार्गानें जाणें पत्करलें. १७६० च्या सुमारास लंडनच्या रॉबर्ट सेयर या प्रकाशकानें स्त्रियांच्या करमणुकीसाठीं म्हणून एक नमुन्यांचें पुस्तक काढलें. त्यांत दीड हजारांवर आकृति होत्या आणि त्यांतील पुष्कळशा झां पियमां या फ्रेंच चित्रकाराच्या. पुस्तक विकत घ्यावें, रंगवावें आणि बिनदिक्कत कापावें, असाच त्याचा हेतु. आकृति मांडतांना प्रमाणाचें भान ठेवावें, लहान घरावर मोठें पांखरूं बसवूं नये, अशी शिकवणही त्यांत आहे. पण पुढें एक मौजेची सवलत दिलेली आहे. विषय हिंदी किंवा चिनी असेल तर हें बंधन पाळण्याचें कारण नाहीं, कारण त्या देशांच्या चित्रांत फुलपांखरानें हत्ती तोलून धरलेलाही आढळतो, असें लेखक सांगतो! आपल्याकडील कोणत्या चित्रकारानें असा हत्ती काढला होता कोण जाणे. पूर्वेकडचे देश म्हणजे मोजमाप नसलेले देश, ही त्या काळच्या युरोपची समजूत कशी साध्या करमणुकीच्या पुस्तकांतही शिरली होती, तें यावरून दिसतें.

कात्री आणि कागद यांच्या इतिहासांत सर्वांत मोठें नांव मात्र रोगण न वापरणाऱ्या एका वृद्ध स्त्रीचें आहे. मेरी डिलेनी हिचा जन्म १७०० सालीं झाला. सतराव्या वर्षीं घरच्यांनीं तिचें लग्न साठीच्या जवळ आलेल्या एका जमीनदाराशीं लावून दिलें. थोड्याच वर्षांत ती विधवा झाली. १७४३ सालीं तिनें आपल्या इच्छेनें पॅट्रिक डिलेनी या आयर्लंडमधील धर्मोपदेशकाशीं विवाह केला व पंचवीस वर्षें सुखानें संसार केला. तरुणपणापासून शिंपल्यांचें काम, भरतकाम, रोगणकाम हें सर्व तिच्या हातांत होतें. १७६८ सालीं पति वारला. त्यानंतर ती आपली जिवलग मैत्रीण पोर्टलंडची डचेस हिच्या बुल्स्ट्रोड येथील वाड्यांत बराच काळ राहूं लागली.

१७७२ सालीं, वयाच्या बहात्तराव्या वर्षीं, तिच्या ध्यानांत आलें कीं, मेजावरील जिरेनियमच्या फुलाचा रंग आणि जवळच पडलेल्या एका कागदाचा रंग अगदीं एक आहे. तिनें कात्री उचलली, त्या कागदाच्या पाकळ्या कापल्या आणि काळ्या कागदावर लावल्या. डचेस खोलींत आली तेव्हां तिला त्या खऱ्या पाकळ्याच वाटल्या, असें सांगतात. त्या दिवसापासून दहा वर्षें हें काम चाललें. खरें फूल समोर ठेवावयाचें, त्याचे केसर मोजावयाचे, पानावरील शिरा पाहावयाच्या, आणि प्रत्येक छटेसाठीं कागदाचा निराळा तुकडा कापावयाचा. एकेका फुलाला शेंकडों तुकडे लागत. राजा तिसरा जॉर्ज व राणी शार्लोट यांच्याकडून तिला क्यू येथील उद्यानांतील दुर्मिळ फुलें येऊं लागलीं. जोसेफ बँक्ससारखा वनस्पतिशास्त्रज्ञ या कागदी फुलांवरून खऱ्या फुलाचें शास्त्रीय वर्णन निर्धास्तपणें करतां येईल असें मानीत असे. १७८२ सालीं तिची दृष्टि अधू झाली आणि कात्री खालीं ठेवावी लागली. तोंपर्यंत ९८५ फुलें झालीं होतीं. १७८८ सालीं ती वारली. तिचे दहा खंड १८९७ सालापासून लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें आहेत.

तिनें कोणाचें चित्र कापलें नाहीं. साधा रंगीत कागदच कापला, ही गोष्ट विसरण्यासारखी नाहीं.

एकोणिसाव्या शतकांत ही कला पसरली आणि पातळ झाली. जर्मनींतील छापखाने पऱ्या, गुलाब, मांजरें यांचीं रंगीत, उठावदार आणि आधींच कापून ठेवलेलीं चित्रें विकूं लागले. कात्रीचें काम संपलें, डिंकाचें उरलें. १८५० नंतरच्या कांहीं वर्षांत काचेच्या फुलदाणीच्या आंतून चित्रें चिकटवून ती चिनी मातीची भासविण्याचें खूळ निघालें व लौकरच विरलें. याच जातीच्या छपाईचा एक ओघ आपल्याकडेही आला. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ सालीं मुंबईत सुरू झाला व पुढें लोणावळ्याजवळ मळवली येथें गेला. तेथील लक्ष्मी-सरस्वतींच्या तसबिरी घरोघर लागल्या, आणि हौशी हातांनीं त्यांतील पातळांवर खरें कापड, खरी जर, टिकल्या व मणी चिकटविले. हेंही कातरकाम व चिकटकामच. पण त्याची दृष्टि अगदीं उलट. व्हेनिसचा कारागीर कागदाची जाडी लपविण्यासाठीं जीव टाकी. येथें देवीचा पदर बोटाला लागावा, उठून दिसावा, हीच इच्छा. सावंतवाडीच्या चिताऱ्यांच्या गंजिफांवर लाखेची चकाकी असते, परंतु त्यांतलें चित्र प्रत्येक पानावर हातानेंच काढलेलें असतें. म्हणजे लाख आपली, कागद आपला, छापील चित्रें आपलीं, तरी व्हेनिसची ‘गरीब लाख’ आपल्याकडे रुजली नाहीं. जेथें हातानें चित्र काढणारा चितारी परवडत होता, तेथें तिची गरजच नव्हती.

आतां काम कसें होतें तें पाहूं. वस्तु लांकडाची, पत्र्याची, पुठ्ठ्याची कोणतीही चालते; पृष्ठभाग मात्र गुळगुळीत हवा. व्हेनिसचे कारागीर लांकडावर खडूची पूड व सरस यांचें अस्तर देत, तें घांसत आणि मग रंग देत. चित्राचा कागद पातळ असावा, कारण जितका कागद जाड तितके रोगणाचे हात अधिक. पाठीमागें छपाई असलेला कागद घेतला तर ओला झाल्यावर मागचीं अक्षरें पुढच्या चेहऱ्यावर उमटतात. वर्तमानपत्राचा कागद तर घेऊंच नये. त्यांत लांकडाचा जो अंश असतो तो उजेडानें पिवळा पडतो. कापण्यापूर्वीं चित्रावर लाखेच्या पातळ रोगणाचा एक हात द्यावा, म्हणजे रंग फुटत नाहीं आणि कागदाला कात्रीसाठीं अंग येतें.

कात्री लहान, टोंकदार आणि किंचित् वांकडी असावी. नवशिक्याची चूक ठरलेली असते: तो कागद स्थिर धरून कात्री फिरवितो. करावयाचें याच्या उलट. कात्रीचा हात जवळजवळ स्थिर राहतो व डाव्या हातानें कागद तिच्या तोंडांत फिरविला जातो. आधीं आंतल्या मोकळ्या जागा कापाव्या, मग बाहेरची रेषा. बाहेरची रेषा आधीं कापली तर आंत कापतांना धरावयास कांहीं उरत नाहीं. कात्री थोडी कलती धरली म्हणजे कागदाची कडा उतरती होते आणि नंतर लौकर बुजते. फुलाचा देंठ, पांखराचा पाय अशा नाजूक जागीं दोन रेषांच्या मध्यें कागदाचे लहान पूल तसेच ठेवावे व चिकटविण्याच्या क्षणीं ते छाटावे. घाई केली कीं प्रथम पांखरांचे पाय जातात.

चिकटविण्याला गव्हाच्या पिठाची खळ उत्तम. आपल्याकडील जिल्दगार खळींत मोरचूद घालीत, म्हणजे तिला कीड लागत नसे. मोरचूद विषारी असल्यामुळें मुलांच्या हातीं असली खळ देऊं नये. चित्र बसविल्यावर ओल्या फडक्यानें मध्यापासून कडेकडे दाबीत जावें, आंतली हवा व जास्त झालेली खळ बाहेर काढावी, आणि कडेला सांडलेली खळ ताबडतोब पुसावी. ती राहिली तर रोगणाखालीं कायमची तपकिरी रेघ दिसत राहते. दुसऱ्या दिवशीं बोटाच्या नखानें हलकेंच ठोकून पाहावें. जेथें पोकळ आवाज येईल तेथें हवा आहे. त्या जागीं पात्यानें बारीक चीर देऊन आंत खळ सोडावी.

मग रोगण. एक हात पातळ द्यावा, पुरता वाळूं द्यावा, दुसरा आडवा द्यावा. आठ-दहा हात होईपर्यंत काचकागद लावूं नये, नाहींतर चित्रच घांसलें जातें. त्यानंतर बारीक काचकागद पाण्यांत भिजवून हलक्या हातानें घांसावें. (निव्वळ लाखेच्या रोगणावर पाणी फार वेळ राहूं देऊं नये, तें पांढरें पडतें.) घांसतांना उंच भाग झिजतो व खोलगट भागांत रोगण टिकतें, पुन्हां हात, पुन्हां घांसणें. असें करतां करतां कागदाभोंवतालची जमीन कागदाच्या उंचीला येऊन मिळते. जो कंटाळून दहाव्या हातावर थांबतो त्याच्या पेटीवर चित्र चिकटविलेलें दिसतें. जो पंचविसाव्यापर्यंत जातो त्याच्या पेटीवर तें रंगविलेलें दिसतें. शेवटीं मेणाचा हात द्यावा.

मुंबई-कोंकणच्या माणसानें एक गोष्ट विशेष लक्षांत ठेवावी. मद्यार्कांत विरघळविलेलें लाखेचें रोगण पावसाळ्यांत देऊं नये. मद्यार्क उडतांना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेंतील पाणी त्यावर धरतें आणि चकाकीच्या जागीं पांढुरकी झांक येते. ज्या ओलीवर जपानी पेटी घट्ट होते, तीच ओल गरीब लाखेचा घात करते. कढत चहाचा पेला ठेवला तरी तिच्यावर तसाच पांढरा गोल उमटतो. हल्लीं पाण्यांत मिसळणारीं ॲक्रिलिकचीं रोगणें मिळतात. तीं लौकर वाळतात, फारशीं पिवळीं पडत नाहींत आणि घरगुती कामाला पुरतात. मद्यार्काचें रोगण वापरणाराने मात्र खिडक्या उघड्या ठेवाव्या व जवळ दिवा किंवा शेगडी नसावी.

आणि कापावें काय? घरांतील जुनीं सचित्र पुस्तकें, आजोबांच्या वेळच्या तसबिरी, लग्नपत्रिका, छायाचित्रें यांना कात्री लावण्याचें आतां कांहींच कारण उरलेलें नाहीं. मूळ कागदाची प्रत कोणत्याही गल्लींत निघते. ती लेसर किंवा झेरॉक्सवर काढलेली असावी, कारण शाईच्या यंत्रावरची प्रत खळीच्या पाण्यानें पसरते. मूळ जसेंच्या तसें कपाटांत राहतें आणि प्रत कापतां येते. ज्या पुस्तकांतील चित्राचें एक पान गेलें तें पुस्तक पुन्हां पुरें होत नाहीं, आणि सार्वजनिक ग्रंथालयांतील सचित्र पुस्तकें चाळणाऱ्यांना असें गेलेलें पान पाहण्याचा प्रसंग वारंवार येतो.

व्हेनिसच्या मूळ पेट्यांची आजची स्थिति निराळीच झाली आहे. जुन्या राळेचें रोगण दोन-अडीचशें वर्षांत पिवळें, मग तपकिरी होतें. त्यामुळें निळें आकाश हिरवट दिसतें आणि मेंढपाळिणीचा पांढरा झगा मधासारखा. लांकूड ऋतूप्रमाणें फुगतें व आकसतें, रोगणाला बारीक भेगा पडतात, आणि तिरपा उजेड टाकला म्हणजे इतके दिवस लपलेली कागदाची कडा वर आलेली दिसूं लागते. संग्रहालयांतील दुरुस्ती करणाऱ्यांपुढें मग अवघड प्रश्न उभा राहतो. वरचें पिवळें रोगण काढावयाचें तर तें विरघळविणारें द्रव्य लावावें लागतें, आणि खालच्या कागदावर रंग हातानें भरलेला असल्यामुळें रोगणाबरोबर रंगही सुटून येण्याचा धोका असतो. म्हणून पुष्कळदां धूळ पुसून, सुटलेल्या कडा पुन्हां चिकटवून, त्या पेट्या तशाच पिवळ्या ठेवल्या जातात.